आखणीवाल्या मॅडम

चार हात असलेल्याला चोवीस हात आहेत असं कागदावर लिहिलं, तर तो किती जास्त ओझं उचलेल? हसू नका. रोह्यातल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये हेच झालं आणि शिक्षा आखणीवाल्या मॅडमना मिळाली.

मॅडम पेणजवळच्या हमरापूरच्या. घरच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी त्याच करायच्या, म्हणून हे नाव. आमच्या लॅबमध्ये पडदे सहा, पण टेबलाखाली डेस्कटॉप एकच. त्याच्या पोटात मॅडमनी सहा आभासी संगणक, म्हणजे एकाच यंत्राचे सॉफ्टवेअरने केलेले सहा वाटे, बसवले होते. प्रोसेसरचे खरे कोअर, म्हणजे राबणारे हात, चार. प्रत्येक आभासी संगणकाला त्यांनी एकेकच दिला होता. सगळे एकदम राबत नाहीत, म्हणून चारांवर सहांचं निभायचं. तरी अधूनमधून त्या डब्यावर तळवा ठेवायच्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"मॅडम, मला चार द्या ना, भरभर चालेल," मी एकदा म्हटलं.

"अगो, मूर्ती रंगवायला चौघी बसतील, डोळे एकच हात आखतो. तुझा प्रोग्रॅम एका वेळी एकच काम करतो. बाकीचे तीन काय माशा मारतील?"

परीक्षा आली. संचालकांनी फर्मावलं, "बाहेरचे परीक्षक येतायत. प्रत्येक पडद्यावर चार कोअर दिसले पाहिजेत."

"दिसतील चोवीस, राबतील चारच," मॅडम म्हणाल्या. "तिघातिघांची परीक्षा घेऊ सर. एक कोअर मूळ यंत्राला श्वास घ्यायला राहू दे."

"तुम्ही शिकवा. क्लास मी चालवतो."

मॅडमनी आकडे बदलायला साफ नकार दिला. संचालकांनी ते भाच्याकडून बदलून घेतले.

परीक्षेत सहा जणांनी एकदम प्रोग्रॅम चालवला आणि सहाही पडदे थिजले. परीक्षक उठून गेले, आम्ही नापास. "बाईंना सेटिंग जमत नाही," संचालक सगळ्यांदेखत म्हणाले आणि त्यांनी तिथल्या तिथे मॅडमना कामावरून काढलं. मला आणायला आलेले बाबा धाटावच्या कंपनीतले कामगार. ते दारातून म्हणाले, "मशीन मालकानं बिघडवायचं, मेमो कामगारानं घ्यायचा. हितं पण तेच व्हय?"

परवा मी हमरापूरला गेले. मॅडम मूर्तीसमोर बसल्या होत्या. "परत नाही येणार?" मी विचारलं.

ब्रश न उचलता त्या म्हणाल्या, "हितं बरं हाय गो. देवाला डोळे दोनच. चार दाखव म्हणून कोण मागं लागत नाय."

तुम्हाला कुणी चकचकीत लॅब दाखवली, तर विचारा, खरे कोअर किती? मग सगळ्यांनी एकदम प्रोग्रॅम चालवा. पडदे थिजले, तर शिकवणारीकडे बोट दाखवू देऊ नका.