डावीकडे ओढणारी गाडी

मावशीला गाडी चालवता येत नव्हती. पण गाडीत बसली की ती आधी चपला काढायची आणि दोन्ही तळवे खाली सपाट टेकवून बसायची. काका गाडी सोसायटीच्या फाटकातून बाहेर काढायचे आणि पहिल्याच खड्ड्याला मावशी म्हणायची, "अहो, डाव्या चाकात काहीतरी कुरकुरतंय." काका समोर बघत म्हणायचे, "तुझा गुडघा असेल." आठवड्याभरात गाडी गॅरेजला जायची आणि डाव्या चाकातलंच काहीतरी निघायचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या त्या गाडीच्या मागच्या सीटवर, त्यांचे हे संवाद ऐकत गेल्या.

मावशी सरकारी इस्पितळात परिचारिका होती. तिथला एक नियम तिने घरीही पाळला. ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरच्या हातात पेशंट द्यायचा तो पुसून, पट्टी बदलून, चादर ताठ करून. "आपली घाण दुसरीच्या पाळीवर ढकलायची नाही," असं ती म्हणायची. भाड्याचं घर सोडतानासुद्धा तिने पंख्यांची पाती पुसली होती. घरमालक म्हणाला, "अहो बाई, मी तोडायलाच काढलंय हे घर." मावशी म्हणाली, "तोडा की. पण स्वच्छ तोडा."

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि दोन-तीन वर्षांत त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग वार गेले. एकदा मंडईत भाजी आणायला गाडी घेऊन गेले आणि रिकाम्या हाताने पायी परत आले. गाडी कुठे ठेवली ते आठवेना. मी आणि मावशी बुधवार पेठेच्या गल्ल्या पालथ्या घालत होतो. गाडी सापडली तेव्हा तिचं इंजिन चालू होतं आणि मागे दुकानदार बोंब मारत उभे होते. पुढच्या महिन्यात काकांनी शाळेतून सायकलवर घरी चाललेल्या एका मुलीला आडवं केलं. मुलीचं कोपर खरचटलं, बाकी काही झालं नाही. मावशीने रस्त्यावरच बसून तिची जखम धुतली, पट्टी बांधली आणि घरी येऊन मला फोन केला. "गाडी विकायची. लवकर."

तोवर घरात वेगळंच युद्ध सुरू झालं होतं. मावशीने किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली, काकांनी शोधून काढली. मी बॅटरीची वायर काढून ठेवली, तर आयुष्यभर तारा जोडलेल्या त्या माणसाने ती पाच मिनिटांत पुन्हा जोडली. स्वतःच्या बायकोचं नाव अडखळत घेणाऱ्या काकांना हे मात्र जमत होतं. शेवटी मावशी किल्ली कमरेला खोचून वावरू लागली. एका सकाळी भर उकाड्यात ती लांब बाह्यांचा ब्लाउज घालून दिसली. मी बाही वर केली, तर दंडावर बोटांचे काळेनिळे वळ उमटलेले.

"मावशी, हे काकांनी?"

"पेशंटने," ती म्हणाली. "नवऱ्याने नाही. बाही खाली कर."

मी दुसऱ्याच दिवशी एका एजंटला घेऊन आलो. गाडी जुनी, पण वरून चकाचक होती. आतून मात्र खिळखिळी झाली होती. खड्ड्यात आपटली की पुढून खडखडाट यायचा, स्टिअरिंग हातभर फिरवलं तरी चाकं आळसावल्यासारखी वळायची आणि सरळ रस्त्यावरही गाडी डावीकडे ओढायची. काका ती सतत उजवीकडे दाबून धरत आणि त्यातच सरळ चालवत. एजंट म्हणाला, "काकू, काही करू नका. थोडं ग्रीस मारतो, आवाज बंद होतो. चक्कर मारेपर्यंत कुणाला कळत नाही. संध्याकाळी गाडी घेऊन जातो."

"आणि घेईल त्याला कधी कळेल? घाटात?" मावशीने विचारलं.

एजंट हसला. मावशी हसली नाही. मी तिला आतल्या खोलीत घेऊन गेलो आणि जवळजवळ ओरडलोच. "तुझा हात बघ! आज गाडी गेली तर आज सुटशील. लोक काय वाट्टेल ते विकतात."

ती पलंगाच्या कडेला बसली. पहिल्यांदाच मला ती म्हातारी वाटली. "मला कळत नाही का? रात्रभर मी त्या किल्लीवर झोपते," ती म्हणाली. "पण ती सायकलवरची पोर मी उचलली आहे रे. उद्या दुसऱ्या कुणाची पोर दुसरं कुणी उचलेल, आणि मी इथे सुटले म्हणून चहा पीत बसू?"

गाडी गॅरेजला गेली. शॉकअप गेलेले, बॉल जॉइंट खिळखिळे, रबरी बुश चुरा झालेले, स्टिअरिंगचे सांधेही बदलायला झालेले. एक भाग मिळेना, काम लांबत गेलं. रोज सकाळी काका पार्किंगमधली रिकामी जागा बघून घाबरायचे. दोनदा तर ते चौकीत जाऊन गाडी चोरीला गेल्याची तक्रार करून आले. मावशी त्यांना हाताला धरून घरी आणायची आणि सांगायची, "अहो, गॅरेजला दिली आहे. स्टिअरिंग ढिलं झालं होतं ना?" मग त्यांचा चेहरा निवळायचा. "हो, हो. बरं केलंस." तासाभराने पुन्हा तेच. दिवसातून किती वेळा, ते तिलाच माहीत. तिचं जेवण सुटलं होतं. एकदा मी गेलो तेव्हा ती गॅसजवळ उभी राहून, भिंतीला डोकं टेकून झोपली होती. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती.

गिऱ्हाईक मी माझ्या ओळखीतून आणलं. खराडीत नोकरी करणारं एक तरुण जोडपं होतं, पहिलीच गाडी घेत होतं. रविवारी संध्याकाळी ते गॅरेजवरच येणार होते आणि मी गाडी तिथूनच परस्पर त्यांच्या हवाली करणार होतो. पण गॅरेजवाल्याने जुनं गिऱ्हाईक म्हणून अगत्याने गाडी दुपारीच घरी आणली. मी आणि मावशी जिना उतरून येईपर्यंत काका खाली होते आणि किल्ली त्यांच्या हातात होती.

"नवी झाली बघ!" त्यांचे डोळे चमकत होते. "आता कशाला विकायची? बस, चक्कर मारू."

मी दार धरलं. काका "चोर, चोर" असं किंचाळायला लागले. खिडक्यांतून लोक डोकावले. त्यांनी गाडी सुरू केली, तसा मावशीने माझा हात सोडवला. "ओढू नकोस, फरफटशील. मागे बस." आणि ती स्वतः त्यांच्या शेजारी जाऊन बसली. चपला काढायचं भान तिला नव्हतं.

पहिली दोन वळणं काकांनी झकास घेतली. मला क्षणभर वाटलं, हे सगळं आपल्यालाच उगाच वाटत होतं. मग सरळ रस्ता लागला आणि गाडी हळूहळू उजवीकडे सरकू लागली. काकांचे हात सवयीने स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरत होते, आणि डावीकडची ओढ आता उरलीच नव्हती. समोरून बस येत होती. "काका, डावीकडे घ्या!" मी ओरडलो. त्यांनी आणखी घट्ट उजवीकडे दाबलं. मावशीने जन्मात कधी न धरलेलं ते चाक दोन्ही हातांनी पकडलं आणि अंगाचा सगळा भार टाकून आपल्या बाजूला ओढलं. बस हॉर्न वाजवत, आरशाला घासून गेली. आमची गाडी फुटपाथवर चढून बंद पडली.

काका आपल्या तळहातांकडे बघत बसले होते. मग ते हलकेच म्हणाले, "अगं, ही आपली गाडी नाही. आपली डावीकडे ओढते. कुणाची आणलीस ही?"

मावशी म्हणाली, "हो. चुकून दुसऱ्याची आली. देऊन टाकू परत."

"दे बाई. लोकांच्या वस्तूला हात लावू नये." त्यांनी किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. महिनोन्महिने जिच्यासाठी झगडा चालला होता, ती किल्ली अशी सहज मिळाली. मावशीने ती मुठीत धरली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मी तिला रडताना तेव्हाच पाहिलं.

ते जोडपं संध्याकाळी घरीच आलं. मावशीने त्यांना फुटपाथची गोष्ट आपणहून सांगितली, आरशावरचा ओरखडा दाखवला आणि गाडी पुन्हा तपासायला गॅरेजला पाठवली. मला वाटलं, हे आता पळून जाणार. ती मुलगी म्हणाली, "काकू, इतकं कुणी सांगत नाही हो." मावशी म्हणाली, "उद्या गाडी परत आणलीत, तर मला नव्या गिऱ्हाइकाची शोधाशोध परवडणार नाही, म्हणून सांगते." गाडी चार दिवसांनी गेली. ओरखडा तेवढा राहिला.

मला वाटलं होतं, आता मावशीला जरा उसंत मिळेल. तसं झालं नाही. काका रोज गाडीची वाट बघत, मग वाट बघणंही विसरले, मग घास गिळणंही. ती त्यांचं सगळं करत राहिली. स्वतःच्या छातीत दुखतंय हे तिने कुणाला सांगितलं नाही. तिला ते ओळखता आलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. त्यांना सोडून इस्पितळात जाऊन पडायचं कसं, एवढाच तिच्यापुढे प्रश्न असणार. एका दुपारी ती काकांना भरवता भरवता कलंडली. शेजारीण आली तेव्हा काका वाटी हातात धरून तिच्या शेजारी बसले होते.

ती गेल्याचं काकांना मीच सांगितलं. त्यांच्यासमोर खाली बसलो, त्यांचे हात हातात घेतले आणि तिचं नाव घेऊन सांगितलं. ते हळहळून म्हणाले, "अरेरे. फार चांगली बाई होती. माझं सगळं करायची." मग त्यांनी विचारलं, "तिच्या मागे कोण आहे?"

मी म्हटलं, "आपण दोघं आहोत, काका."