कुलूपबंद धवले

आमची आई धवलारीण. हळदीला, मांडवाला आमच्याकडे जे धवले गातात, ते तिने शेलारला, माहेरी, तिच्या आईकडून उचलले होते. कागदावर एक ओळ नाही, सगळं तोंडपाठ. मी काल्हेरच्या गोदामात डिस्पॅचला होते आणि मला जगातली कुठलीही गोष्ट एक्सेलमध्येच लिहिता यायची. ट्रक नसले की मी आईचे धवले तिथे इंग्रजी अक्षरांत उतरवायची. कॉम्प्युटर सगळ्यांचा, त्यात आमच्या सुपरवायझरला नाक खुपसायची भारी हौस. म्हणून फाइलला पासवर्ड घातला.

मग ध्यानीमनी नसताना आई गेली. वर्षाच्या आत कार्य व्हायला हवं म्हणून दादाने मुलीचं लग्न काढलं.

"हलदीला आयचंच धवलं पायजेत," तो म्हणाला. "तुझ्याकडं हायेत ना?"

"हायेत," मी ऐटीत म्हटलं.

फाइल पेन ड्राइव्हवर घरी आणली होती, तो घरच्या कॉम्प्युटरला लावला. पासवर्ड म्हणजे आईच्या माहेरचं गाव, हे मला पक्कं आठवत होतं. तरी चुकीचा. मग आईचं नाव घातलं, गावदेवीचं घातलं, अगदी विकून टाकलेल्या म्हशीचंही घातलं. वहिनी म्हणाली, कामतघरला एक धवलारीण आहे, तिला सांगू या. मी तिच्यावर खेकसले. आपणच लावलेल्या कुलपासमोर ताटकळत बसायचं, यासारखी नामुष्की नाही. रडू येत होतं आणि रागही, पण तो काढणार कोणावर?

शेवटी पेन ड्राइव्ह घेऊन ड्युटीवर गेले. माझ्या खुर्चीत बसून तेच गाव टाइप केलं आणि फाइल उघडली. आमची मालाची चलनं कॅपिटल अक्षरांत निघतात, त्यामुळे तिथल्या कीबोर्डवर कॅप्स लॉक कायम चालू. पासवर्डही तसाच पडला होता. मी एकटीच खो खो हसले.

मग वाचायला घेतलं. हळद दळायचा, मांडवाचा, नवरीला न्हाऊ घालायचा, एकेक धवला ओळीने मांडलेला. पण प्रत्येकाची फक्त पहिली ओळ. तेवढी लिहिली की पुढचं सांगायला आई आहेच, असं मी धरून चालले होते. गोदामात माल यायचा राहिला की शेऱ्यात जसं लिहायचो, तसंच प्रत्येकापुढे लिहिलं होतं: पेंडिंग, आईला विचारणे.

तिच्या मागून म्हणताना मला सगळे धवले यायचे. आता एकटीने पुढची ओळ आठवेना. हे दादाला सांगायचा धीर मला शेवटपर्यंत झाला नाही.

हळदीला त्याने मला पुढे बसवलं. मी पहिली ओळ उचलली. बायकांनी ती मागून म्हटली आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या.

"गा ना पुढं," दादा म्हणाला.

मी तीच ओळ पुन्हा म्हटली.