मंत्र्याच्या जावयाने उचललेला वाडगा

क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, मी त्याला एकदाच पाहिलं. मलेशियातल्या एका मंत्र्याचा हा तिशीतला जावई निवडणुकीला उभा होता आणि सिंगापुरात राबणाऱ्या आपल्या मतदारांना गावी बोलवायला आला होता. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, पण इस्त्री शाबूत. मागे फोटोग्राफर.

माझ्यासमोरच्या खुर्चीपुढे टिश्यूचं पाकीट होतं. म्हणजे जागा कुणीतरी धरलेली आहे, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याने ते सरकवलं आणि बसला. एवढ्यात पाकिटाचा मालक, मलेशियातल्या जोहोरचा, त्याच्याच मतदारसंघातला एक वयस्क वेल्डर, नूडल्सचा वाडगा घेऊन आला.

उमेदवार चटकन उठला, माफी मागितली, वाडगा स्वतः घेऊन टेबलावर ठेवला. मी जवळजवळ विरघळलो. पण फोटोग्राफरने नकारार्थी मान हलवली. फोटो हुकला होता.

"अंकल, परत एकदा करू या? या वेळी जरा मनापासून हसा," उमेदवार वाडगा पुन्हा उचलत म्हणाला.

वेल्डर हसला. फोटो झाला, लवाजमा पुढच्या टेबलाकडे गेला.

"मतदानाला रजा टाकावी की नाही, आठवडाभर ठरत नव्हतं," वेल्डर मला म्हणाला.

"आणि आता?"

"आता टाकतो. याला पाडायला एक मत कमी पडायला नको, ब्रदर."