साडूभाऊ आणि बारा वाजताचा ठिपका

या पृथ्वीवर हरवलेलं असं काहीच नसतं, ते फक्त चुकीच्या जागी लिहिलेलं असतं, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. वय पन्नाशीच्या पुढे, अंगात पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि मोजायची एक छोटी टेप, जिचा डेटाबेसच्या कामाशी काडीचाही संबंध नाही. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जमीनमोजणीच्या कामात चाकणच्या शिवारांतून साखळी ओढण्यात घालवली. पिंपळे सौदागरला एका सोसायटीच्या दुकानांवरच्या मजल्यावर मी नोकरी करतो ती छोटी कंपनी आहे. कारखान्यांच्या बस कुठे आहेत ते नकाशावर दाखवायचं, हा आमचा धंदा. बसमध्ये बसवलेली डबी दर मिनिटाला आपली जागा कळवते, ती जागा आमच्या डेटाबेसात जाते आणि पडद्यावर ठिपका हलतो. जुने नकाशे साफ करायला चार महिन्यांसाठी म्हणून मी साडूभाऊंना आणलं. त्या चार महिन्यांत त्यांनी डेटाबेसची भाषा शिकून घेतली, आणि त्यानंतर ते त्या खुर्चीवरून उठलेच नाहीत.

मी त्यांना साडूभाऊ म्हणतो म्हणून अख्खं ऑफिस साडूभाऊ म्हणतं. वास्तविक या हाकेचा हक्क सगळ्या जगात एकट्या माझा आहे, पण कालपरवा कॉलेजातून आलेल्या मुलीही बिनदिक्कत "साडूभाऊ, जरा हे बघता का?" म्हणतात. चेन्नईच्या एका ग्राहकाने तर 'डिअर मिस्टर साडू' असा मेल पाठवला होता, आणि साडूभाऊंनी खाली तेच नाव टाकून उत्तर धाडलं.

त्यांच्या विक्षिप्तपणाचा पहिला धडा आम्हाला मिळाला तो एका मे महिन्यात. दापोडीहून निघालेली दुसऱ्या शिफ्टची बस आमच्या पडद्यावर नॉर्वेच्याही वर, बर्फाच्या समुद्रात उभी होती. नव्या इंजिनिअरने आकड्यांची अदलाबदल केली होती. आपण बोलताना 'अक्षांश-रेखांश' म्हणतो, म्हणून त्याने त्याच क्रमाने ते भरले. आमच्या डेटाबेसला मात्र आधी रेखांश लागतो. साडूभाऊ त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "आपण सुई-दोरा म्हणतो. म्हून काय सुई दोऱ्यात ओवायची व्हय?" चूक सापडली, सगळे हसले, पण साडूभाऊ पडद्यासमोरून हलेनात. त्या काळ्यानिळ्या पाण्यातल्या एकुलत्या एका ठिपक्याकडे बघत ते म्हणाले, "चाळीस माणसं हायेत तिच्यात, पाव्हणं." आणि त्यांनी खरोखर ड्रायव्हरला फोन लावला. "भावा, समदे ठीक हायेत ना? थंडी न्हाई ना वाजत?" तिकडून उत्तर आलं, "काय राव साडूभाऊ, घामानं आंघोळ झालीया हितं!" तेव्हा कुठे ते खाली बसले.

दुसरी खोड त्याहून वाईट. डबीला उपग्रह सापडला नाही की ती शून्य अक्षांश, शून्य रेखांश कळवते. ही जागा आफ्रिकेच्या पश्चिमेला भर समुद्रात आहे. जगभरची वाट चुकलेली यंत्रं तिथे जमलेली असतात. शहाणी माणसं अशा नोंदी सरळ पुसून टाकतात. साडूभाऊ रोज सकाळी चहाचा कप घेऊन "शून्यावर कोण कोण जमलंय बघू" म्हणत त्या उघडून बसायचे. पुसा म्हटलं की चिडायचे. "पत्ता सांगता येईना म्हून माणूस खोडायचं का?" अशीच एक डबी पाच महिने रोज शून्यावरून कळवत होती, आणि तिची बस तर केव्हाच मोडीत निघाली होती. मग कळवत होतं कोण? एका रविवारी साडूभाऊ मला ओढत चिखलीकडच्या भंगारच्या गोदामात घेऊन गेले. बसला चाकं नव्हती, खिडक्या नव्हत्या, सीट नव्हत्या. सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख ऊन होतं, आणि त्या पोकळ पत्र्याच्या आत ड्रायव्हरच्या जागेखाली एक लाल दिवा मिणमिणत होता. बॅटरी काढायची कुणी तरी विसरलं होतं, एवढंच. पण साडूभाऊंनी ती डबी काढून कानाशी धरली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पाच म्हैनं सांगतीया, मी हितं हाय, हितं हाय. कुणी हूं म्हटलं न्हाई." मग तिची खरी जागा त्यांनी डेटाबेसात लिहिली आणि त्यानंतरच तिची तार तोडली. मला तिथून लवकर निघायचं होतं. भीती वाटली नव्हती असं म्हणणार होतो, पण वाटली होती.

कारखान्याच्या हद्दीची रेषा आम्ही नकाशावर आखतो, म्हणजे बस आत शिरली की आपोआप नोंद होते. बाकीचे तिला इंग्रजी नावाने ओळखतात, साडूभाऊ तिला 'शीव' म्हणतात. या रेषेचा पहिला बिंदू आणि शेवटचा बिंदू एकच असावा लागतो, नाहीतर डेटाबेस ती घेतच नाही. इतरांना हा नियम पुस्तकातून पाठ करावा लागला. साडूभाऊंना तो लहानपणापासून ठाऊक होता, कारण त्यांच्या गावात आषाढात शीव बांधायचे. नारळ, लिंबू, भात घेऊन चार माणसं गावाच्या हद्दीवरून चालत निघायची आणि ज्या दगडापासून निघाली त्याच दगडाशी येऊन थांबायची. "एक पाऊल अलीकडं थांबला की संपलं," ते सांगायचे. "तेवढ्या फटीतनं येतंय मग." काय येतं, असं विचारलं की म्हणायचे, "ज्याला यायचं असतंय ते." हे ते इतक्या सहज म्हणायचे की आमची टेस्टिंगवाली कोकणातली मुलगी प्रत्येक हद्दीचा शेवटचा बिंदू दोनदा तपासू लागली. कामाची गुणवत्ता सुधारली हे नाकारता येत नाही.

पण त्यांचा खरा राग एकाच चुकीवर. जुन्या मोजणीच्या नकाशांचं माप वेगळं आणि उपग्रहाचं माप वेगळं. दोन्हींत दोन-तीनशे पावलांचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक जागेवर ती कुठल्या मापातली आहे याचा शिक्का असतो. एका मापातून दुसऱ्यात न्यायचं तर आकडे रीतसर बदलून घ्यावे लागतात. आळशी लोक आकडे तसेच ठेवून नुसता शिक्का बदलतात, आणि मग ठिपका सगळ्यांच्या डोळ्यांदेखत शेजारच्या विहिरीत जाऊन बसतो. असा कुणी सापडला की साडूभाऊ खुर्चीवरून उठायचे. "गुंठ्याच्या आकड्याम्होरं एकर लिवलं म्हून जमीन वाढती व्हय रे?" हे व्याख्यान आम्ही प्रत्येकाने एकदा तरी खाल्लेलं आहे.

आणि मग गेल्या हिवाळ्यात तो ठिपका दिसू लागला. चाचणीच्या नकाशावर, रोज, बाराच्या सुमारास. चाकणच्या एका मोठ्या कारखान्याच्या भिंतीतून तो आरपार आत शिरायचा, यंत्रांच्या शेडमधून माणसाच्या चालीने सरळ जायचा, मध्येच काटकोनात वळायचा, शेडच्या बरोबर मधोमध अर्धा तास थांबायचा आणि आल्या वाटेने भिंतीतून बाहेर पडायचा. बस एवढी हळू चालत नाही आणि भिंतीतून जात नाही. टेस्टिंगवाली मुलगी पहिल्या आठवड्यात "सर, प्रोग्रॅममध्ये बग आहे" म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात बाराचे ठोके पडले की ती "इलो!" म्हणून किंचाळायची आणि डबा घेऊन गच्चीवर जायची. तिसऱ्या आठवड्यात आमच्या सर्व्हरच्या कपाटाला लिंबू-मिरची लागली. साडूभाऊ एरवी एक ठिपका वीतभर सरकला तरी जेवण सोडून उठतात, पण या ठिपक्यासमोर ते हात जोडल्यासारखे गप्प बसायचे. "असू द्या," म्हणायचे, "त्याचा काय तरास न्हाई."

शेवटी मीच ती नोंद उघडली. डबीच्या नावापुढे लिहिलं होतं, 'अण्णा'. अण्णा म्हणजे साडूभाऊंचे थोरले बंधू, चाकणला त्यांच्याच घरी राहतात. दोन वर्षांपासून त्यांना विस्मरण झालं आहे. जेवलेलं आठवत नाही, मुलांची नावं आठवत नाहीत, पण दुपारी बारा वाजले की ते शेतावर निघतात. शेत त्याच कारखान्यात गेलं त्याला पुष्कळ वर्षं झाली. कोंडून ठेवलं की डोकं आपटून घेतात, म्हणून साडूभाऊंनी आमचीच एक डबी त्यांच्या बंडीच्या खिशात शिवून टाकली होती. "पण साडूभाऊ, ते आत जातात कसे? गेटवर पहारा आहे," मी विचारलं. ते पडद्यावर बोट फिरवत म्हणाले, "बघा ना, बांध सोडत न्हाई. ह्यो हितं वळला ना, हितं आमची चिंच व्हती."

एप्रिलमधल्या एका दुपारी तीन वाजता घरून अक्कांचा, म्हणजे माझ्या मेव्हणीचा फोन आला. अण्णा परतले नव्हते. ठिपका शेडच्या मधोमध होता, आणि गेले अडीच तास तो हलला नव्हता. बाहेर ऊन असं होतं की गच्चीवर चप्पल काढता येत नव्हती. साडूभाऊंनी कारखान्यात फोन लावला. तिथला सुपरवायझर भला माणूस. त्याने काम थांबवून निळ्या कपड्यांतली आपली दहा-बारा माणसं शोधायला लावली, यंत्रांच्या खाली वाकून बघायला लावलं. पाऊण तासाने त्याने कळवलं, "साहेब, इथं कुणी नाही. कुणी येऊच शकत नाही." पडद्यावर ठिपका तिथेच होता. त्या शेडमध्ये माणसं फिरत होती आणि आमच्या अण्णांवरून जात होती.

मला तेव्हा सुचलं. इतके महिने का सुचलं नाही याची आजही लाज वाटते. मी म्हटलं, "साडूभाऊ, अण्णांच्या नोंदीवर शिक्का कुठल्या मापाचा आहे?"

 मीच बघितलं. आकडे उपग्रहाचे होते आणि शिक्का जुन्या मोजणीचा. ज्या चुकीसाठी त्यांनी आम्हा सगळ्यांना फाडून खाल्लं होतं तीच चूक.

"मला म्हाईत हाय, पाव्हणं," ते म्हणाले. "पैल्या दिसापास्नं म्हाईत हाय. शिक्का चुकून पडला. दुसऱ्या दिशी सुधरायला बसलो, आन् बघतो तर अण्णा आपल्या शेतात. मला खोडवंना. खरं तर त्यो भाईरच्या रस्त्यानं भिताडापत्तूर जातो आन् माघारी येतो. पडद्यावर तरी पोचतोय, म्हनलं, पोचू द्या."

मला त्यांचा जितका राग आला तेवढीच दया आली. शिक्का सुधारायचा हुकूम एका ओळीचा. तो त्यांनी एका बोटाने टाइप केला आणि बोट तसंच हवेत राहिलं. "तुमी दाबा," ते म्हणाले. मी दाबलं. ठिपका शेडमधून उडाला आणि भिंतीच्या बाहेर, तीनशे पावलांवर, ट्रेलर उभे करतात त्या मोकळ्या जागेत जाऊन पडला. साडूभाऊंनी गेटवरच्या पहारेकऱ्याला फोन करून ती जागा सांगितली. पलीकडून त्याच्या पळण्याचा आवाज येत होता. मग तो ओरडला, "ए, गाडी बंद कर, बंद कर आधी! साहेब, ट्रेलरखाली म्हातारबा बसलेत बगा. चाकाला टेकून. जित्ते हायेत."

आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा अण्णा पहारेकऱ्याच्या केबिनमध्ये पंख्याखाली बसून पाणी पीत होते. ओठ फुटले होते, बाकी शांत. भावाला बघून म्हणाले, "आलास व्हय धाकल्या? बांधावर वाईच टेकलो व्हतो. निळ्या कापडातली लई माणसं आली. यंत्राखाली वाकून वाकून मला हुडकत व्हती. माझ्या म्होरनंच गेली. मी म्हनलं, हितं हाय की मी. एकालाबी ऐकू गेलं न्हाई."

पहारेकऱ्याने माझ्याकडे बघितलं. ट्रेलरच्या त्या जागेपासून शेडपर्यंत मध्ये दोन पुरुष उंचीची भिंत होती आणि तिला कुठे खिडकी नव्हती.  साडूभाऊंनी खाली बसून अण्णांच्या पायांत चपला घातल्या.

नोंद आता बरोबर आहे. कारखान्यातली ती जागा आमच्या नकाशावर रिकामी असते, आणि टेस्टिंगवाली मुलगी पुन्हा जागेवर बसून डबा खाते. साडूभाऊ अकरालाच मोटारसायकल काढून घरी जातात, अण्णांचा हात धरून भिंतीपर्यंत चालत जातात आणि अडीचपर्यंत परत कामावर येतात. कामाच्या वेळेत हे कसं चालायचं, असं आमच्या साहेबांनी मला एकदा विचारलं, तेव्हा मी त्यांच्यावर नको तेवढा ओरडलो. भिंतीपाशी ठिपका अजूनही अर्धा तास थांबतो. मी एकदा साडूभाऊंना विचारलं, "तिथे दोघं करता काय एवढा वेळ?"

ते म्हणाले, "काय न्हाई. अण्णा भिताडाकडं बघतो, मी अण्णाकडं बघतो."

तेवढ्या वेळात त्यांना आलेले फोन मी घेतो. साडूभाऊ आहेत का, असं कुणी विचारलं की सांगतो, आत्ता जागेवर नाहीत.