वास नसलेली बाटली

अण्णांच्या नाकाचं कौतुक सगळ्यात जास्त अण्णांनाच होतं. त्यांच्या स्टुडिओमागच्या डार्करूममध्ये एकाच मापाच्या दोन तपकिरी बाटल्या असत आणि एकीवरही चिठ्ठी नसे. एकीत डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं औषध. दुसरीत फिक्सर, म्हणजे उमटलेलं चित्र पक्कं करून बाकी सगळं धुऊन काढणारं. फिक्सरला नाकात शिरणारा आंबूस दर्प, डेव्हलपरला जवळजवळ काहीच नाही. अण्णा बूच काढून हुंगत आणि जिचा वास येत नाही ती बाटली आधी ओतत. चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या फोटोग्राफरांची ते यथेच्छ टिंगल करत. उद्या हे लोक बायकोच्या पाठीवरही नाव लिहून ठेवतील, म्हणत.

मग एका सर्दीने त्यांना गाठलं. सर्दी गेली, पण जाताना वासही घेऊन गेली. गॅसवर दूध करपून घरभर धूर झाला तरी अण्णा शेजारीच पेपर वाचत बसलेले, तेव्हा बायकोच्या ध्यानात आलं. डॉक्टरांकडे चला, निदान बाटल्यांवर तरी काही लिहा, असं ती परोपरीने सांगून थकली. अण्णांनी ते हसण्यावारी नेलं. वास परत येतोय, असं त्यांनी तिला सांगितलं आणि सांगता सांगता स्वतःलाही पटवलं. एक बाटली डावीकडे, एक उजवीकडे, एवढ्या भरवशावर काम निभावत होतं. माणसाचा ताठा इतका, की कागदाचा एक कपटा चिकटवायला हात धजेना.

समोर इस्त्रीचं दुकान होतं. तिथे ताई आणि त्यांची एकुलती एक मुलगी. पोरगी मोठी बडबडी, आणि हसायला तिला काहीही कारण पुरे. तिला दवाखान्यात नोकरी लागली, ओळखपत्रासाठी फोटो हवा म्हणून ती अण्णांकडे आली. फोटो काढला, पण रोल संपल्याशिवाय धुवायचा नाही हा अण्णांचा जुना नियम. अजून चार गिऱ्हाइकं येऊ दे, मग देतो, म्हणाले. गिऱ्हाइकं यायच्या आत रस्ता ओलांडताना ती ट्रकखाली सापडली.

घरात तिचा मोठेपणचा एकही फोटो नव्हता. जगाचे कपडे कडक करण्यात मायलेकींना स्वतःसाठी सवड झालीच नव्हती. काही दिवसांनी ताई स्टुडिओत आल्या. अण्णांनी खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत.

"अण्णा, तो फोटो आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. उद्या देतो. मोठा करून देतो."

या रोलला काही कमी पडू नये म्हणून अण्णांनी जुनी औषधं फेकून दिली, बाटल्या घासून धुतल्या आणि दोन्ही औषधं नव्याने कालवून भरली. या काळजीनेच घात केला. नळाशी बाटल्यांची डावी-उजवी मोडली. अंधारात फिल्म डब्यात भरून झाकण लावल्यावर त्यांनी एक बाटली उचलली, आणि मनात शंका आली म्हणून सवयीने बूच काढून हुंगली. वास आला नाही. आयुष्यभर वास न येणं म्हणजे डेव्हलपर, तेव्हा मन निश्चिंत झालं. आता त्यांच्या नाकाला दोन्ही बाटल्या सारख्याच, हे त्या क्षणी त्यांना सुचलं नाही.

फिल्म बाहेर आली ती काचेसारखी कोरी. अण्णांनी ती दिव्यासमोर धरली, उलटी करून धरली. एकही चेहरा नाही. बायको दाराशी आली, तिने फिल्मकडे पाहिलं आणि चिठ्ठ्यांचा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. कॅमेरा बिघडला म्हणून सांगा, एवढंच ती हळूच म्हणाली. अण्णांना ते रस्ता ओलांडेपर्यंत पटत होतं.

ताई सदऱ्यावर इस्त्री फिरवत होत्या. त्यांनी मान वर करताच अण्णांच्या तोंडून खरं तेच निघालं. नाक गेलंय, कुणाला सांगितलं नाही, चुकीचं औषध आधी ओतलं, सगळं धुऊन गेलं. ताईंनी इस्त्री बाजूला ठेवली. फिल्म हातात घेऊन ती या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेडात पाहिली.

"तुम्ही पाहिलं होतं ना तिला कॅमेऱ्यातून? कशी दिसत होती?"

अण्णांना तिचे कपडे आठवेनात, केस कसे होते तेही आठवेना.

"हसत होती," ते म्हणाले. "ओळखपत्राला हसलेलं चालत नाही. मी तिला रागावलो, तोंड मीट म्हणालो. मग काढला."

अण्णांनी फिल्म परत घ्यायला हात पुढे केला, तेव्हा ताईंनी ती मुठीत धरली.

"राहू दे माझ्याकडे. ती होती हिच्यात."

घरी येऊन अण्णा कात्री घेऊन बसले आणि कागदाच्या दोन चिठ्ठ्या कापल्या. बायकोने डिंकाची बाटली आणून समोर ठेवली.