तीन माद्या

आमच्या गल्लीला मुक्या जिवांचा फार कळवळा आहे, असं माझ्यासमोर कुणी म्हणू नका. माझं डोकं फिरतं.

म्हसावदच्या अलीकडे आमचं गाव. मी घरी शिवणकाम करते. दिवसभर दारातच मशीन असतं, त्यामुळे गल्लीत काय चाललंय ते बघायचं नसलं तरी दिसतं. गेल्या हिवाळ्यात गल्लीतली तांबडी कुत्री आमच्या परसात पऱ्हाट्यांच्या ढिगामागे व्यायली. कापूस वेचून झाला की झाडं उपटून आम्ही चुलीला ठेवतो, त्या पऱ्हाट्या. सकाळी सरपण काढायला गेले तर आतून बारीक कुंईकुंई ऐकू आली. वाकून बघते तर पाच पिल्लं! डोळे मिटलेले, अंग अजून ओलसर, आणि सगळी एकमेकांच्या डोक्यावरून आईकडे सरपटत होती. दोन नर, तीन माद्या. ती कुत्री कुणा एकाची नव्हती. ज्याच्या दारात तुकडा मिळेल त्याच्या दारात ती बसायची.

आमच्याकडे कुत्री व्यायली की तिला शिरा करून घालतात. बाळंतिणीला घालतात तसाच. पूर्वी एकजण ताट घेऊन गल्लीत फिरायचा, कुणी मूठभर पीठ घालायचं, कुणी गुळाचा खडा, कुणी पळीभर तेल, आणि एकाच चुलीवर एकच शिरा व्हायचा. कुत्री तेवढा खायची, तिला अंगात ताकद यायची, विषय संपला. आता घरोघरी गॅस आला आणि घरोघरी मानही आला. आपल्या पिठात दुसऱ्याचा गूळ कशाला? पुण्यात वाटेकरी कशाला? शेजारच्या काकूंनी सकाळी सकाळी तूप सोडलेला शिरा आणला. या काकू म्हणजे आमच्या गल्लीतल्या मोठ्या, त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. मग काय, त्यांनी केला म्हणून समोरच्यांनी केला, समोरच्यांनी केला म्हणून टोकाच्यांनी केला. दुपारपर्यंत आमच्या परसात जत्रा भरली. जी ती आपली वाटी पालथी करायची आणि मोबाईलवर व्हिडिओ काढायची. संध्याकाळी सगळ्यांच्या स्टेटसला आमची कुत्री!

मी सांगत होते, बायांनो, पुरे करा, ती जनावर आहे, थांबायचं तिला कळणार नाही. ऐकतंय कोण? काकू म्हणाल्या, "खाऊ दे वं, बाळंतीन शे."

खाल्लं तिनं. सगळ्या गल्लीचं खाल्लं. आणि दुसऱ्या दिवशी तिला अशी हगवण लागली की उठवेना. डोळे खोल गेले, अंगावर माश्या, आणि दूध आटलं. पिल्लं कोरडी चोखत होती आणि ओरडत होती. स्टेटसवाल्या बायांपैकी एकीनं तरी डोकावून बघावं? नाव नको! वास येतो म्हणून परसाकडच्या खिडक्या मात्र सगळ्यांनी लावून घेतल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण रागानं दूध येत नाही. जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, गोडधोड बंद करा, पातळ भात द्या, औषध घेऊन जा, आणि ती सावरेपर्यंत पिल्लांना शेळीचं दूध पाजा. गल्लीच्या टोकाला शेळ्या आहेत, तिथून दूध आणलं. पिल्लांच्या पोटात ऊब राहावी म्हणून बाटल्यांत गरम पाणी भरलं, बाटल्यांना ब्लाऊजच्या चिंध्या गुंडाळल्या आणि एका खोक्यात पिल्लांशेजारी ठेवल्या. मशीनखाली खोकं, वर माझी शिलाई. गिऱ्हाईक आलं की आधी खोक्यात बघायचं, मग मापाचं बोलायचं.

आणि त्यात काकू आल्या मदतीला. आपल्या नातवाचं बोंडलं घेऊन आल्या. ऐटीत मांडी घातली, एका मादीला उताणी निजवली, नातवाला पाजावं तसं तिच्या तोंडात बोंडलं धरलं आणि दूध ओतलं. पिल्लू एकदम कडक झालं. नाकातून दूध आलं. मी मशीनवरून उडी मारून ते हिसकावलं, खाली डोकं करून पाठ चोळली, नाक पुसलं, तेव्हा कुठे त्यानं श्वास घेतला.

"ओ माय वं! लेकरूच शे ना ते!" काकू म्हणाल्या.

"लेकरू असलं तरी कुत्रीचं आहे!" मी ओरडले. "आईखाली कसं पितं ते बघितलंय ना तुम्ही? पोटावर पडून पितं. उताणं पिताना बघितलंय कधी?"

त्यांना राग आला. मला आला होता त्याच्यापुढे तो काहीच नव्हता. पण मोठ्या माणसाला बोलले म्हणून संध्याकाळी नवऱ्यानं मलाच ऐकवलं. "गल्लीमां ऱ्हानं शे आपले," म्हणाला, याच गल्लीत राहायचंय म्हणे. त्या दिवसांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं! पिल्लांचं दूध गरम करताना ऐकलं, ओल्या कापसानं त्यांची बुडं पुसताना ऐकलं. हो, पुसावंच लागतं. आई चाटते तेव्हाच ती लघवी करतात, आपली आपण करत नाहीत. आई निपचित पडली होती म्हणून ते मी केलं. नवऱ्यानं नाक मुरडलं. मुरडू दे!

हळूहळू कुत्री उठली. आधी भात खाल्ला, मग भाकरी, आणि एका सकाळी बघते तर पाचही पिल्लं तिच्या पोटाशी लागलेली, शेपट्या ताठ, चुटूचुटू आवाज. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे उघडले पिल्लांचे. आधी धुरकट निळे, मग काळे. पाय फाकवत चालायला लागली, पडायला लागली, माझी टेप ओढून न्यायला लागली. जिला मी नाकातून दूध येताना उलटी धरली होती ती सगळ्यांत द्वाड. गिऱ्हाइकांच्या चपला तीच पळवायची.

आणि पिल्लं गोजिरवाणी दिसायला लागली तशी गल्ली परत आली.

कशी यायची माणसं, सांगू? आत यायची, पिल्लू उचलायची, आणि तोंड बघायच्या आधी शेपटी वर करून बघायची. नर असला की, "हाऊ मन्हा!" म्हणजे हा माझा. मादी असली की ठेवलं खाली, हात पुसले लुंगीला. दोन्ही नर ताबडतोब गेले. एक पपईच्या मळ्यात राखणीला, एक रनाळ्याला कुणाच्या पाहुण्यांकडे. गळ्यात लाल दोरा बांधून, मिरवत नेले. माद्यांकडे कुणी ढुंकून बघेना.

"मादी कोन लई?" काकू म्हणाल्या. "वरीसमां दोन डाव व्यायस. सगळी गल्ली कुत्रीसनी भरी जाई."

मी म्हटलं, डॉक्टरांशी बोललेय मी, मोठ्या झाल्या की तिघींचं ऑपरेशन करून घेते, तोवर माझ्या परसात राहतील, तुमच्या दारात येणारही नाहीत. तर हसल्या सगळ्या! कुत्रीचं ऑपरेशन! जणू मी तिघींची लग्नं लावते म्हटलं होतं. माझा अगदी तिळपापड झाला.

"काकू, तुम्हले बी तीन पोरीच शेतस ना?" मी विचारलं.

काकूंच्या तोंडाचा रंग उडाला. "मानूस येगळं, जनावर येगळं," एवढंच म्हणाल्या आणि पदर सावरून गेल्या. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

त्यानंतर आठवडाभर कुणी काही बोललं नाही, आणि मी येडी समजले की विषय मिटला. अस्तर आणि रिळं संपली होती म्हणून एका सकाळी म्हसावदला गेले. दुपारी परत आले तर परसात कुत्री सैरावैरा धावत होती. पऱ्हाट्या उकरत होती, खोक्यात तोंड घालत होती, परत ढिगामागे जात होती. खोकं रिकामं. तिघीही नाहीत.

मी दारोदार गेले. एकेक कडी वाजवली. कुणाला माहीत नाही, कुणी बघितलं नाही, भरदिवसा, एवढ्याशा गल्लीत! शेवटी काकूच बोलल्या, तेही तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता. "सोडी दिन्यात. ढाबावर. चांगली जागा शे, उष्टं भेटस."

"कुणी सोडली?"

"गल्लीनी सोडी."

"कुठल्या ढाब्यावर?"

"माले काय माहीत, बाई? रस्तावर कोठे तरी."

घरी आले. नवरा मळ्यातून येऊन खाटेवर पडला होता. मी म्हटलं, गाडी काढा, रस्त्यावरचा एकेक ढाबा बघायचाय. मला वाटलं होतं वाद घालेल. नाही घातला. मुकाट्यानं उठला, गाडी काढली. तेवढ्यापुरतं मला बरंही वाटलं. म्हटलं, काही झालं तरी आपला माणूस आहे.

शहाद्याच्या रस्त्याला लागलो. पहिला ढाबा आला. मी म्हटलं, "थांबा, इथं विचारू." तो म्हणाला, "आठे नही." दुसरा आला. "थांबा ना!" "आठे बी नही." माझ्या मनात फक्त पिल्लं होती, मला काही कळलं नाही. तिसऱ्या ढाब्याची पाटी दिसायच्या आधीच त्यानं गाडी हळू केली, वळवली, आणि पुढं कुणाला काही न विचारता थेट मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीपाशी नेऊन उभी केली.

मी उतरले आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो खाली बघत होता.

टाकीखाली दोघी होत्या. चिखलात, एकमेकींना चिकटून, थरथरत. तिसरी नव्हती. चपला पळवणारी ती. भांडी घासणाऱ्या माणसाला विचारलं तर त्यानं ट्रक उभे राहतात तिकडे हात केला आणि म्हणाला, "बाई, तिकडे नका जाऊ."

मग मी नवऱ्याला काय काय बोलले ते सगळ्या ढाब्यानं ऐकलं. लाज नाही वाटली मला. गल्लीला मी इतके दिवस शिव्या घालत होते, आणि पिल्लांची गोणी या माणसाच्या गाडीवर गेली होती! मी घरात नाही ते बघून गेली होती!

"गल्लीना लोके बोलनात," तो पुटपुटला. "सगळासनी सांगं. गाडी मन्हीच व्हती. मी काय करतू?"

"मला सांगायचं!" मी म्हटलं. "माझ्या तोंडावर सांगायचं!"

दोघींना पदरात घेऊन मागे बसले. त्याच्या खांद्याला हात लावला नाही, गाडीचा मागचा दांडा धरून आले.

कुत्री गल्लीच्या तोंडाशीच उभी होती. घरापर्यंत गाडीबरोबर धावली. दोघींना खाली ठेवलं तसं तिनं हुंगलं, चाटलं, चिखल साफ केला. मग उठली, गाडीपाशी गेली, सीटवर पुढचे पाय टेकवले आणि पुढून मागून हुंगत राहिली. खाली उतरली, फिरून आली, परत पाय टेकवले.

नवरा दारातून म्हणाला, "तिले भाकर टाक."

"तुम्ही टाका," मी म्हटलं. "आणि तिसरी कुठे आहे ते तिला सांगा."

तो भाकरी घेऊन बाहेर आला. कुत्री त्याच्याकडे धावत गेली, भाकरी राहू दिली, आणि शेपटी हलवत त्याचे दोन्ही हात हुंगायला लागली.