कोरी ओळ

कपाशीवर मावा पडला म्हणून गावात गूळ वाटणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझ्या वडिलांचा सख्खा मोठा भाऊ आहे. आम्ही त्यांना मोठे बाबा म्हणतो. मावा म्हणजे पानाच्या खालच्या अंगाला चिकटून रस पिणारी बारकी, पिवळट-हिरवी कीड. ती दिसली की कापूसवाला शेतकरी कपाळाला हात लावतो. मोठे बाबा मात्र आमच्या कामठा गावच्या चौकात धोतर सावरत धावत आले आणि सोयरीक जुळल्याच्या सुरात ओरडले, "आला गा, आला! मावा आला!" आधीच आमचा गोंदियाकडचा मुलूख धानाचा. इथे कपाशीच औषधाला सापडत नाही, तर तिच्यावरचा मावा कुठून सापडणार? मोठे बाबांनी उंचावरच्या बरड तुकड्यात मुद्दाम बारा ओळी कपाशी लावली होती, आणि वरात येईना म्हणून मांडवात घिरट्या घालणाऱ्या वधूपित्यासारखे ते महिनाभर बांधावर घिरट्या घालत होते. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, तो गूळ वाटताना म्हणाली, "लोकं कीड गेली म्हनून वाटतेत, आमच्या घरी कीड आली म्हनून."

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. तीसेक वर्षं ते वऱ्हाडातल्या एका संशोधनाच्या शेतावर मजूर होते. कोणत्या औषधानं मावा किती मरतो ते पाहायचं, म्हणून झाडाचं एक वरचं, एक मधलं आणि एक खालचं पान उलटून मावा मोजायचा, हे त्यांचं काम. फवारणीआधी मोजायचा, मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, चौदाव्या दिवशी. आकडे साहेब लिहून घेत, पुस्तिका साहेबांच्या नावानं छापून येई, आणि साहेबांच्या साहेबांचंही नाव तिच्यात असे. मोठे बाबांचं नाव हजेरीपटाच्या बाहेर कधी पडलं नाही. याबद्दल त्यांनी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. पण निवृत्त होऊन गावी आले तेव्हा सामानात पिशवीभर सरकी होती आणि एक नवी वही होती, आणि वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी शाईनं स्वतःचं नाव घालून ठेवलं होतं. एक प्रयोग आपल्या नावचा व्हावा, चारचौघांत तो आपण सांगावा, एवढाच त्यांचा हट्ट होता.

नोकरी सुटली तरी सवयी सुटल्या नाहीत. बाजारात तांदूळ घेताना ते पोत्यातला वरचा, मधला आणि कोपरापर्यंत हात घालून तळचा दाणा बघतात. दुकानदार त्यांना पाहिलं की पोतं झाकतो. माझ्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी मुलीच्या बापाशी दोनच वाक्यं बोलून चहा संपवला, मग शेजाऱ्याकडे जाऊन बसले आणि शेवटी मुलीच्या घरच्या म्हशी धुणाऱ्या गड्याशी तासभर गप्पा केल्या. परत आल्यावर म्हणाले, "वरचं पान गोडच बोलते. खालचं उलटून पाहिलो. साफ हाये. करून टाक लगन." मी करून टाकलं, आणि आजवर पस्तावलेलो नाही.

प्रयोगात कोणत्या ओळीला कोणतं औषध द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, म्हणजे पक्षपात होत नाही. झालं, घरातही स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या आल्या. सणाला पहिलं बोलावणं कोणाला, भाजी कोणती, मोठ्या आईनं लग्नात साडी कोणती नेसायची, सगळं डब्यातून निघायचं. त्या डब्यापायी ती भर वैशाखात माहेरच्या मांडवात जड रेशमी शालू नेसून घामानं निथळत उभी होती. फवारणीच्या दिवशीचा त्यांचा थाट तर विचारू नका. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा, तोंडावर मास्क. गाव मास्क लावायला कोरोनात शिकलं, हे आधीपासूनच पदवीधर. वारा असला की पंप खाली ठेवतात, आणि वारा सुटला की दोष जवळच्या बिरसी विमानतळावरच्या विमानांना देतात. शिकाऊ वैमानिक डोक्यावरून घिरट्या घालू लागला की मान वर करून ओरडतात, "अबे, पंधरा मिनट उधर चला ना! दवाई उडून राहिली!"

पण त्यांचा जीव खरा कोऱ्या ओळीत. कोरी म्हणजे जिला मुद्दाम काहीच फवारायचं नाही अशी ओळ. तिच्यावर मावा वाढू द्यायचा आणि तिच्याशी ताडून बाकीच्या ओळींत औषधानं किती काम केलं ते ठरवायचं. कोरी नसेल तर मावा औषधानं मेला की आपसूक गेला हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. हे तत्त्व त्यांनी स्वतःच्या देहावरही चालवलं. एका थंडीत उजव्या कानात मोहरीचं तेल घातलं आणि डावा कोरा ठेवला. आठ दिवसांनी डावा कान ठणकू लागला तर कण्हत कण्हत, पण आनंदानं म्हणाले, "म्हनजे तेल काम करते!"

गेल्या वर्षी सगळं जुळून आलं. दोन बाजारातली औषधं, तिसरा निंबोळीचा अर्क, चौथी कोरी, प्रत्येकाच्या तीन ओळी. मावा वेळेवर पडला, फवारणी झाली. कृषी खात्यातला एक तरुण साहेब येऊन बघून गेला आणि म्हणाला, "काकाजी, चौदाव्या दिवसाचे आकडे घेऊन शेतकरी मेळाव्यात या. स्टेजवरून तुमचं नाव पुकारतो." मोठे बाबांनी दुसऱ्याच दिवशी गोंदियाला माझ्याकडे येऊन नवा शर्ट शिवायला टाकला.

चौदाव्या दिवशी आकडे लिहायला मला बोलावलं होतं. ते उकिडवे बसून पानं उलटत होते आणि मी वहीत लिहीत होतो. फवारलेल्या ओळींत "चार. दोन. तीन." असं चाललं होतं आणि त्यांची कळी खुलत होती. मग कोरीची पाळी आली. इथे पानं माव्यानं भरलेली असायला हवी होती. "शून्य," ते म्हणाले. मग "एक." मग पुन्हा "शून्य." त्यांनी चष्मा पुसला, तिन्ही कोऱ्या ओळी मोजल्या, आणि एका पानावर बोट घासून ते नाकाशी नेलं. "राख," ते म्हणाले. "चुलीची."

तेवढ्यात चहाची किटली घेऊन मोठी आई आली. विचारायचीही गरज पडली नाही.

"मीच टाकली," ती म्हणाली. "मागच्या मोजनीपासून रोज सकारी, दव असते तवा. आंगनातल्या वालावर टाकतो तशीच. बाकीच्या साऱ्याईले दवाई, न याईनंच का पाप केलं होतं? पाहवत नव्हतं मले."

"अवो, त्याईच्यावर मावा वाढाचाच होता! तेच तं काम होतं त्याईचं!" मोठे बाबा म्हणाले, आणि बांधावर बसले. हळूच म्हणाले, "मेळाव्यात आता का सांगू?" तेव्हा कुठे मोठ्या आईला कळलं की आपण काय करून बसलो. तिच्या हातातली किटली तशीच राहिली.

साहेबाला फोन केला तर तो म्हणाला, कोरी सोडून द्या, तीन औषधांचेच आकडे वाचा, कोण विचारतंय? मी म्हटलं, मग राखेचंच नाव लावा, तीच जिंकली. मोठे बाबा माझ्यावर उखडले. "राखेची चिठ्ठी टाकली होती का? वजन केलं होतं का?" मोठी आई खाली मान घालून म्हणाली, "मुठीनं टाकली." "कोनाच्या मुठीनं लिहू?" ते म्हणाले, आणि वही बंद केली. वाटलं, आता ते मेळाव्याला जाणार नाहीत.

ते गेले. नवा शर्ट घालून गेले. त्यांचं नाव माईकवरून पुकारलं गेलं. ते म्हणाले, "मी तीस वर्षं मावा मोजलो. औंदा माझ्या नावचा प्रयोग केलो, न तो बिघडला. कोरी कोरी राहिली नाही. माझ्या भरोशावर कोनी कोनती दवाई घेऊ नोका." मागून कोणीतरी हसत विचारलं, "कोनं बिघडवला गा?" मोठे बाबा म्हणाले, "चूक माझीच हाये. तीस वर्षं झाली, घरी कवा सांगतलोच नाही का कोरी कायले ठेवतेत." लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. बायकांमध्ये बसलेल्या मोठ्या आईनं पदर डोळ्यांना लावला. त्या माणसाचा पुतण्या असल्याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

परतताना एसटीत मोठी आई एवढंच म्हणाली, "मंग सांगा आता. कायले ठेवतेत?" आणि मोठे बाबा कामठा येईपर्यंत सांगत राहिले.

यंदा ओळी पंधरा आहेत. राखेचीही चिठ्ठी पडली आहे आणि राख तराजूत तोलून घेतली जाते. कोरीला हात लावणार नाही असं मोठ्या आईनं कबूल केलं आहे, पण विहिरीवर जाताना ती लांबून वळसा घालून जाते, कारण अजून तिला पाहवत नाही. मोठे बाबांना पाहवतं, अशी माझी समजूत होती.

परवा संध्याकाळी मी न कळवता शेतावर गेलो. मोजणीचा दिवस नव्हता. मोठे बाबा कोऱ्या ओळीपाशी एकटेच बसले होते, वही नाही, चष्मा नाही. पानं आक्रसली होती, चिकट झाली होती, मुंगळे चढत होते. एका पानावर हात ठेवून ते हळू आवाजात बोलत होते, "माफ करजो माय. तुह्याबिगर कोनाचीच किंमत समजत नाही, पन शाबासकी भेटते दुसऱ्याईले."

त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण ते लाजले असते. म्हणून मी दुरूनच खोकलो आणि चहा झाला का म्हणून विचारलं.